वजनदार गोळी आणि चपळ बंदूक

कादंबरी लिहिणाऱ्याला पुष्कळांचे संसार थाटून द्यावे लागतात. नायिकेने कोणते लुगडे नेसावे, तिच्या सासऱ्याने चिलीम ओढावी की विडी, ओटीवर कंदील टांगावा की समई लावावी, हे सारे त्यालाच ठरवावे लागते. सध्या जी कादंबरी मी लिहावयास घेतली आहे, तीत मला एका माणसाला बंदूक घेऊन द्यावयाची आहे. मी पडलो शाळामास्तर. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे माझा या वस्तूशी कधी संबंध आला नाही. तेव्हा ही खरेदी करण्यासाठी मला इतिहासाच्या दुकानात शिरावे लागले, आणि एकदा शिरल्यावर तेथून लवकर बाहेर पडवेना.

माझा माणूस अमेरिकेतील टेक्सासच्या माळावरचा आहे. तरुणपणी त्याने रानरेड्यांच्या, म्हणजे तिकडच्या बायसनच्या, शिकारीवर पोट भरले. तेव्हा त्याच्या हाती शार्प्स नावाची जड, एकबारी रायफल होती. एक गोळी झाडायची, रिकामे काडतूस काढायचे, दुसरे भरायचे, मग दुसरी झाडायची. गोळ्या तो स्वतःच शिसे वितळवून साच्यात ओतीत असे. आता साल आहे १८८६. वय चढले आहे, नजर मंदावली आहे आणि त्याला हवी आहे एक चपळ रायफल: खालची दांडी खाली-वर केली की नवी गोळी आपोआप पुढे यावी, अशी. पण अट एकच. गोळी मात्र आपली ती जुनीच, वजनदार, घरी ओतलेली हवी. अशी रायफल त्याला मिळेल का?

प्रश्न साधा दिसतो, पण तो सुटायला अमेरिकेतल्या कारागिरांची पंचवीस वर्षे खर्ची पडली आहेत.

आधी वजनाचे बोलू. तिकडे गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्याकडे जशी सोनाराची गुंज, तसे तिकडे यवाचे माप. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा ठरवून दिला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे पंधरा ग्रेनचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. त्यामुळे तिकडचा बंदूकवाला आणि आपला सराफ यांच्या भाषेत हिशेब अगदी सरळ जुळतो. अमेरिकन सैन्याने १८७३ साली जे काडतूस स्वीकारले, त्याचे नाव ‘पंचेचाळीस-सत्तर’. पंचेचाळीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या शंभरांश भागांत. सत्तर म्हणजे दारूचे ग्रेन. त्याची गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे नेमकी सव्वादोन तोळ्यांची, आणि पाठीमागे दारू पावणेपाच माशांच्या आतबाहेर. सव्वादोन तोळ्यांचा शिशाचा गट्टू तर्जनीच्या पुढल्या पेराएवढा भरतो. हातावर घेऊन पाहिला, तर ‘वजनदार’ हा शब्द आपोआप कळतो.

आता चपळाईचे. चापाच्या भोवती जी लोखंडी कडी असते, तीच लांबवून तिची दांडी करायची. ती खाली ओढली की नळीचे मागचे दार उघडावे, रिकामे काडतूस बाहेर पडावे, घोडा चढावा. वर केली की नवे काडतूस आत जाऊन दार बंद व्हावे, अशी ही युक्ती. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत, आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक उभी. हीच ती लिव्हरची रायफल. चित्रपटांतला घोडेस्वार जी फिरवताना दिसतो ती.

तिचे कुळ शोधू गेले तर मूळ सापडते एका सदऱ्यांच्या कारखान्यात. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी ऑलिव्हर विंचेस्टर नावाचे गृहस्थ पुरुषांचे सदरे शिवून विकत. १८५५ साली व्होल्कॅनिक नावाची शस्त्रकंपनी निघाली, तीत त्यांनी पैसा घातला. त्या कंपनीची बंदूक चपळ खरी, पण तिची दारू गोळीच्याच पोकळ पोटात भरलेली. तेवढ्याशा दारूने काय होणार? कंपनी बुडाली, विंचेस्टर बुडाले नाहीत. त्यांच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री याने यंत्र सुधारले, पितळी काडतूस वापरले आणि १६ ऑक्टोबर १८६० रोजी पेटंट मिळवले. हेन्री रायफलीत एकदा भरल्यावर सोळा गोळ्या झाडता येत. ज्या काळात शिपाई मिनिटाला कशाबशा तीन गोळ्या झाडी, त्या काळात हे आक्रीतच होते.

पण गोळी केवढी? सव्वा तोळ्याहूनही थोडी कमी, आणि तिच्यामागे दारू दोन मासे धरा. १८६६ ची पितळी अंगाची विंचेस्टर आली, तिचीही गोळी जवळजवळ तीच. १८७३ ची प्रसिद्ध विंचेस्टर आली. तिचे अंग लोखंडी, तिच्या सात लाखांवर प्रती निघाल्या, तिच्या नावाचा चित्रपटही १९५० साली निघाला. पण तिची गोळीसुद्धा २०० ग्रेनचीच, म्हणजे एक तोळा आणि वर सव्वा माशाहून जरा जास्त.

सैन्याची रायफल सव्वादोन तोळे फेकते, आणि ही सारी चपळ मंडळी तोळा-सव्वातोळ्यावर अडून बसतात, असे का? माझ्या वर्गातला एखादा चौकस मुलगा हाच प्रश्न विचारील, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो.

बंदूक उडते तेव्हा दारूचा धूर गोळीला जेवढ्या जोराने पुढे ढकलतो, तेवढ्याच जोराने तो मागच्या दारालाही ढकलतो. ते दार बंद राहिले तर गोळी पुढे जाते. न राहिले तर झाडणाऱ्याचा डोळा जातो. हेन्रीच्या आणि पहिल्या विंचेस्टरांच्या दाराला टेकू कशाचा होता? गुडघ्याचा! दोन पट्ट्या मध्ये बिजागरीने जोडलेल्या. दार बंद होताना त्या एका रेषेत ताठ होत. माणूस ताठ उभा राहिला तर डोक्यावर दोन घागरी पेलतो. गुडघा जरा वाकला की घागरींसह खाली येतो. बेताच्या दारूला हा गुडघा पुरे होता. दारू वाढवली, गोळी जड केली, तर त्याचा भरवसा नव्हता. शिवाय पंचेचाळीस-सत्तरचे काडतूस पावणेतीन इंचांच्या घरात लांब. ते या यंत्राच्या पोटात मावतच नसे. थोडक्यात, चपळाई आणि वजन यांचे सख्य नव्हते. एकाला घरात घ्यावे, तर दुसरे रुसून बाहेर.

हा रुसवा किती खोल होता, ते रणांगणावर दिसले. २५ जून १८७६ रोजी मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर नावाचा सेनानी लकोटा आणि शायान या लोकांवर चालून गेला. त्याच्या शिपायांजवळ एकबारी रायफली होत्या. वजनदार गोळीच्या, दूर पल्ल्याच्या, पण सावकाश. समोरच्यांजवळ नाना तऱ्हेची हत्यारे होती, आणि त्यांत हेन्री आणि विंचेस्टरही होत्या. कस्टरबरोबरच्या तुकडीतले सुमारे २१० जण तेथे मेले. एकही वाचला नाही. १९८३ साली त्या माळाला वणवा लागून गवत जळाले, तेव्हा पुढील दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी ती जमीन पालथी घातली. काडतुसांच्या बुडावर घोड्याच्या खिळीची जी खूण उमटते, तीवरून कोणती बंदूक कोठून कोठे गेली हेही त्यांनी लावून दाखवले. हा पराभव केवळ बंदुकांमुळे झाला असे नव्हे. कस्टरने आपले सैन्य वाटून टाकले होते आणि समोरच्यांची संख्या त्याला कळली नव्हती. तरी अंतर तुटल्यावर सावकाश रायफलीचे काय होते, ते त्या टेकडीने सांगितले.

पुढल्याच वर्षी बल्गेरियातील प्लेव्हना येथे तुर्कांनी मात्र या कोड्याचा एक व्यवहारी तोडगा काढला. उस्मान पाशाच्या सैन्याजवळ दोन्ही प्रकार होते. रशियन दूर असताना एकबारी पीबॉडी-मार्टिनी रायफलीने जड गोळी मारायची. ते जवळ आले की बाजूला ठेवलेली १८६६ ची विंचेस्टर उचलायची. रशियनांची माणसे शेकड्यांनी नव्हे, हजारांनी पडली. पण दोन बंदुका बाळगणे ही सुलतानाची चैन झाली. माझ्या माळावरच्या माणसाला घोड्याच्या खोगिराला एकच बांधावयाची आहे.

आता त्या माणसाला वजनदार गोळीच का हवी, ते सांगावयास हवे. आणि येथे गोष्ट जराशी काळवंडते.

पूर्ण वाढलेला बायसन बैल नऊशे किलोपर्यंत भरतो. त्याच्या मानेवरची आयाळ, जाड कातडे आणि मांसाचा थर भेदून गोळी फुप्फुसापर्यंत जावी लागते. तोळाभराची गोळी वरच्या वरच अडते. शिसे मऊ, वेग फार नसतानाही जड शिसे आपल्या वजनाच्या बळावर आत घुसत राहते. म्हणून कातड्यांसाठी शिकार करणाऱ्यांनी शार्प्स पसंत केली. ते वाऱ्याच्या उलट्या बाजूस दोनतीनशे वारांवर बैठक मारीत. कळपाची म्होरकी गाय आधी टिपीत. ती पडली की बाकीची जनावरे पळण्याऐवजी तिच्याभोवती घोटाळत राहत, आणि हा गृहस्थ जागचा न हलता एकेक जनावर पाडीत बसे. नळी तापली की दुसरी रायफल घ्यायची, किंवा पाणी ओतायचे.

चित्रपटांनी आपली अशी समजूत करून दिली आहे की, तो माळ चपळ रायफलींनी ओस पाडला. ते खरे नाही. तो पाडला सावकाश रायफलींनी. १८७१ च्या सुमारास बायसनचे कातडे कमावून त्याचे टिकाऊ चामडे करण्याची रीत चांभारधंद्याला साधली. पूर्वेकडील आणि विलायतेतील कारखान्यांना यंत्रे फिरवण्यासाठी चामड्याचे पट्टे हवेच होते. पुढल्याच वर्षी आगगाडी कॅन्ससमधील डॉज सिटीला पोहोचली. मागणी, वाहन आणि जड गोळी ही तिन्ही जुळून आली, आणि एका शतकापूर्वी अंदाजे तीन कोटी असलेले जनावर दहाबारा वर्षांत नाहीसे होऊ लागले. ज्या लोकांचे अन्न, वस्त्र आणि तंबू या एका जनावरावर अवलंबून होते, त्यांना हे कळत नव्हते असे नाही. २७ जून १८७४ रोजी क्वाना पार्कर या कोमांची पुढाऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी टेक्सासमधील ॲडोबी वॉल्स या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर पहाटे हल्ला चढवला. आत माणसे तिसाच्या आसपास, बाहेर शेकडो. पण मातीच्या भिंतीआडच्या त्या जड रायफलींपुढे हल्ला मोडला. माझा माणूस त्या भिंतीआड होता, असे मी कल्पिले आहे. कादंबरीत त्याला पुढे झोप का लागत नाही, हे मला येथूनच सांगावयाचे आहे.

असो. आपण दुकानाकडे वळू.

विंचेस्टर कंपनीने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात एक थोराड रायफल मांडली. गुडघा तोच, फक्त जाड केलेला. तिच्यासाठी आखूड, फुगीर असे वेगळे काडतूस काढावे लागले. दारू पाच मासे, गोळी ३५० ग्रेन, म्हणजे दोन तोळ्यांना जराशी कमी. बरीच मजल झाली, पण सैन्याचे काडतूस तीतही शिरले नाही. ते प्रथम शिरवले जॉन मार्लिन यांनी. तेही न्यू हेवनचेच. त्यांच्या १८८१ च्या लिव्हर रायफलीत पंचेचाळीस-सत्तर प्रथमच बिनबोभाट चालू लागले.

आणि मग यूटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाने हा प्रश्न मुळापासून सोडवला. जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५ चा. बापाचे दुकान हीच त्याची शाळा. त्याने एक एकबारी रायफल तयार केली होती. तिची कीर्ती ऐकून १८८३ साली विंचेस्टर कंपनीचा अधिकारी बेनेट आगगाडीने थेट ऑग्डेनला गेला, आणि तेथून पुढे हा सोयरसंबंध वीस वर्षे टिकला. १४ ऑक्टोबर १८८४ रोजी जॉन आणि त्याचा भाऊ मॅथ्यू यांना ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, तेच १८८६ च्या विंचेस्टरचे यंत्र. तेव्हा जॉनचे वय एकोणतीस.

त्याने केले काय? गुडघा काढून टाकला आणि अडसर घातला. आपल्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला आतून जसा लाकडी अडसर घालीत, तसे दोन पोलादी अडसर. दांडी वर केली की ते दाराच्या दोन्ही अंगांनी खालून वर सरकतात आणि दाराला रायफलीच्या अंगाशी जखडून टाकतात. दारूचा धक्का आता बिजागरीवर येत नाही. सगळ्या चौकटीवर वाटला जातो. यंत्र बळकट, आणि तरी हाताला लोण्यासारखे. चपळाई आणि वजन यांचा रुसवा येथे निघाला.

तेव्हा माझ्या माणसाने १८८६ ची विंचेस्टर घ्यावी, हे ठरले. पण एवढ्याने भागत नाही. तीच रायफल दुकानात निरनिराळ्या काडतुसांसाठी मिळे, आणि घरी ओतलेली जड गोळी सगळ्यांतून सारखी जात नसे. येथे पारख लागते.

पहिली पारख पिळाची. रायफलीच्या नळीत आतून चर पाडलेले असतात आणि ते मळसूत्रासारखे वळत जातात. गोळी त्यांत फिरत जाते, म्हणून भोवऱ्यासारखी डोलत न पडता सरळ जाते. भोवरा जितका उंच आणि सडपातळ, तितका तो जोरात फिरवावा लागतो. व्यास एकच असेल, तर जड गोळी म्हणजे लांब गोळी. म्हणून तिला पीळ जलद हवा. वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचे सोपे सूत्र बसवून दिले. व्यासाच्या वर्गाला दीडशेने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा; किती इंचांत एक फेरा हवा, ते मिळेल. सव्वादोन तोळ्यांची गोळी सव्वा इंचाच्या आत लांब. तिला सव्वीस-अठ्ठावीस इंचांत एक फेरा पुरतो. पंचेचाळीस-सत्तरच्या नळीत वीस इंचांत एक फेरा होता. म्हणजे पुरून उरे. पावणेतीन तोळ्यांवरची ५०० ग्रेनची गोळीही ती सांभाळी. दुकानदार मात्र म्हणे, ‘पंचेचाळीस-नव्वद’ न्या, तीत दारू सहा मासे मावते! त्या नळीचा पीळ बत्तीस इंचांत एक, आणि तो ३०० ग्रेनच्या हलक्या गोळीसाठी. दारू जास्त म्हणून कोणी ती नेली आणि आपली जड गोळी तीत घातली, तर गोळी डोलत जाऊन भलतीकडे पडायची. तेव्हा थोडी दारू, जलद पीळ, जड गोळी. पंचेचाळीस-सत्तरच.

दुसरी पारख नाकाची. नळीखाली काडतुसे एकामागे एक उभी असतात, म्हणजे मागच्या गोळीचे नाक पुढच्याच्या बुडावरील स्फोटक टोपीला टेकलेले. नाक टोकदार असेल आणि बंदुकीला धक्का बसला, तर पोटातच दिवाळी व्हायची. म्हणून येथे गोळी चपट्या नाकाची हवी. साच्यात ओतलेली गोळी चपट्या नाकाची करणे अगदी सोपे. ही गाठ जणू देवाघरीच बांधलेली.

तिसरी पारख धातूची. आणि ती मला सर्वांत आवडली, कारण ती थेट स्वयंपाकघरात शिरते. शिसे ३२७ अंशांवर वितळते. चुलीवरच्या लोखंडी भांड्यात ते सहज पातळ होते. म्हणूनच गोळ्या ओतणे हे त्या देशात घरचे काम होते. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या लोकांनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा ओढून पाडला. त्याचे तुकडे बैलगाड्यांतून लिचफिल्ड गावी नेले, आणि तेथील बायकापोरांनी त्या राजाच्या ४२,०८८ गोळ्या केल्या. मोजून ठेवल्या म्हणून आकडा उरला. माझा शिकारीही शेकोटीवर हेच करी.

पण निव्वळ शिसे फार मऊ. वेगाने जाताना ते नळीच्या चरांत घासून तेथेच चिकटते, आणि चार गोळ्यांत नळी बुजते. त्यावर दोन उपाय. एक, गोळीला मेण आणि चरबी लावणे. हा उपाय आपल्या देशाला किती महाग पडला, ते सांगावयास नको. १८५७ च्या एनफील्ड काडतुसाला जे ओंगण लावलेले होते, ते शिशाच्या याच खोडीसाठी. बराकपूरला २९ मार्च रोजी मंगल पांडे उभा राहिला, त्याच्या मागे धर्म, अपमान, पगार, संस्थाने अशी शंभर कारणे होती. पण ठिणगीपुरते पाहिले तर ती वंगणाची होती.

दुसरा उपाय शिशात कथील आणि अँटिमनी मिसळणे. कथिलाने रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो. अँटिमनीने गोळी कडक होते. वाचकहो, हे मिश्रण आपल्या ओळखीचे आहे. छापखान्यातले खिळे याच तीन धातूंचे. ज्या खिळ्यांनी आपले पोथीपुराण, पंचांग आणि पुढे इतकी वर्षे दिवाळी अंक छापले, त्यांचा आणि बंदुकीच्या गोळीचा गोत्रज एकच. १८८६ च्या जुलैतच न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात मर्गेन्थेलरचे लायनोटाइप यंत्र प्रथम चालू झाले. ते अशाच मिश्रधातूच्या अख्ख्या ओळी ओती. पुढे १९७० नंतर ही यंत्रे भंगारात निघाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपला शेवटचा शिशाचा अंक २ जुलै १९७८ रोजी छापला. ते शिसे गेले कोठे? त्यातले काही हौशी नेमबाजांनी विकत घेऊन गोळ्यांच्या साच्यात ओतले. अक्षरांच्या गोळ्या झाल्या! दोन्ही पोटे लिहिण्यावर भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून क्षणभर कसेसेच झाले.

या हौशी मंडळींसमोर हाच जुना प्रश्न आजही उभा असतो. १९७२ साली मार्लिन कंपनीने पंचेचाळीस-सत्तरची लिव्हर रायफल पुन्हा काढली. तिच्या पुष्कळ नळ्यांत चर उथळ आणि संख्येने जास्त होते. तांब्याचे कवच चढवलेल्या गोळीला ते ठीक. पण मऊ ओतीव गोळी त्या उथळ चरांतून घसरे. मग तिला जरा जाड ओता, जास्त कडक करा, असे उपाय निघाले. अखेरीस कंपनीनेच पुन्हा खोल चर पाडावयास घेतले. विंचेस्टरच्या नावाची १८८६ आता जपानात मिरोकू कंपनीत तयार होते. दीडशे वर्षांपूर्वीची पारख, अडसर, पीळ, चर, नाक, आजही तीच आहे.

पण १८८६ या सालाने माझ्या माणसाची एक थट्टा केली आहे, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. ब्राउनिंगने चपळाई आणि वजन यांची गाठ घातली. त्याच वर्षी फ्रान्सने बिनधुराच्या दारूची, बारीक नळीची लेबेल रायफल सैन्यात घेतली. आता छोटी, कवचाची गोळी प्रचंड वेगाने जाऊ लागली आणि जड शिशाची सद्दी सरली. दहा वर्षांत विंचेस्टरनेही तीच वाट धरली. आणि त्याच वर्षी विल्यम हॉर्नडे नावाचा गृहस्थ वॉशिंग्टनच्या सरकारी वस्तुसंग्रहालयासाठी बायसनचे नमुने गोळा करावयास मोंटानात गेला. कित्येक आठवडे हिंडून त्याला वीस-पंचवीस जनावरे मिळाली. १८८९ साली त्याने साऱ्या उत्तर अमेरिकेची शिरगणती छापली: पिंजऱ्या-कुंपणांत २५६, यलोस्टोन उद्यानात २००, कॅनडात ५५०, आणि अमेरिकेच्या मोकळ्या माळावर ८५. एकूण १,०९१.

जे जनावर मारण्यासाठी जड गोळी हवी होती, ते नाहीसे झाल्यावर जड गोळीची चपळ रायफल तयार झाली. तिच्या सुमारे १ लाख ६० हजार प्रती निघाल्या. त्यांनी अस्वले मारली, काळविटांचे भाऊबंद मारले. बायसन त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही.

हॉर्नडेने मात्र हात झाडले नाहीत. मेलेली जनावरे पेंढा भरून मांडणारा हा माणूस जिवंत जनावरे वाचवण्याच्या मागे लागला. १९०५ साली बायसन रक्षणासाठी संस्था निघाली, तिचा तो अध्यक्ष. आणि मानद अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, जो स्वतः लिव्हर रायफलीचा मोठा शौकीन शिकारी आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिबागेतून पंधरा बायसन आगगाडीत चढवून ओक्लाहोमाच्या विचिटा डोंगरात पाठवण्यात आले. ज्या आगगाडीने कातडी पूर्वेला नेली, तिनेच जिवंत जनावरे पश्चिमेला आणली. ती उतरताना पाहावयास कोमांची लोक जमले होते; त्यांत ॲडोबी वॉल्सचा क्वाना पार्करही होता, असे सांगतात. ज्या पोरांनी हे जनावर केवळ आजोबांच्या गोष्टींत ऐकले होते, त्यांनी ते त्या दिवशी प्रथम पाहिले. २०१६ साली अमेरिकेने बायसनला आपला राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून जाहीर केले.

माझा माणूस १८८६ ची विंचेस्टर घेतो, पंचेचाळीस-सत्तर, वीस इंचांत एक फेरा. शेवटच्या प्रकरणात तो म्हातारा होऊन त्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत गर्दीत उभा आहे. रायफल त्याने घरी खुंटीवर ठेवली आहे. गाडीचे दार उघडते, पहिले जनावर फळीवरून खाली उतरते, आणि शेजारी उभा असलेला कोमांची म्हातारा त्याच्याकडे पाहतो. त्या दोघांत काय बोलणे झाले, ते मला अजून लिहावयाचे आहे.